बेचाळिसावी पायरी

वेणूआत्या थर्मामीटरवर विश्वास ठेवत नसे. तिला ताप आला आणि कुणी विचारलं, की ती म्हणायची, "काल इसाव्या पायरीला हुता, आज बाराव्याला उतरलाय. उद्या ग्येला बग." माझ्या वडिलांच्या रागाबद्दल तिचं मत ठरलेलं होतं. "तुझा बाप म्हंजे उठला की तिसाव्या पायरीवर. खाली यायला मंग दोन दिस." माझं लग्न झालं, बायकोला घेऊन तिच्या पाया पडायला गेलो, तेव्हा तिनं सुमनला नीट न्याहाळून निकाल दिला होता, "पोरगी ग्वाड हाय. बोलायला पंचवीस पायऱ्या आन् ऐकायला दोन." सुमन अजून मधूनमधून ते वाक्य आठवून माझ्याशी भांडते.

आत्या ही माझ्या वडिलांची चुलत बहीण. तिचं गाव गोदावरीच्या काठी. आमच्या भागात गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. ते नाव आता वरच्या माळावर वसवलेल्या दुसऱ्या गावाला आहे, आणि ज्याचं होतं ते गाव पाण्याखाली आहे. पेशवाईत बांधलेलं काळ्या दगडाचं देऊळ, त्याच्यापुढून नदीत उतरणारा एकेचाळीस पायऱ्यांचा घाट, आणि घाटाच्या डोक्याला आत्याचं दोन खोल्यांचं माळवदाचं घर. आपल्या उंबऱ्याला ती बेचाळिसावी पायरी म्हणायची. नवरा लवकर गेलेला. देवळाला येणाऱ्या माणसांना फुटाणे-लाह्या विकून ती पोट भरायची, आणि दिवसातून दोनदा घाट उतरून पाणी कितव्या पायरीला आहे ते बघून यायची. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं, पण गावात दुसरं कुणी ते करायला धजत नसे.

तिच्या दोन सवयींमुळे नवीन माणूस जरा बिचकायचा. एक म्हणजे नदीकडचं दार ती कधीच लावत नसे. कुत्रं आत येवो, वारा येवो, दार उघडंच. दुसरी म्हणजे बोलता बोलता ती मधेच थांबायची, मान किंचित मागं वळवायची आणि "व्हय, व्हय, सांगते" म्हणून पुन्हा आपल्या विषयावर यायची. समोरच्याला वाटे, आपल्यालाच होकार दिला. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

ते तसं नाही हे मला कळलं एका पुराच्या वेळी. मी तेव्हा नगरला कॉलेजात होतो आणि वडिलांबरोबर दोन दिवसांसाठी तिच्याकडे गेलो होतो. भाद्रपद होता. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला आणि बघता बघता गंगा फुगली. सकाळी विसाव्या पायरीला असलेलं पाणी दुपारी अडतिसाव्याला आलं. लाल, गढूळ, झाडंझुडपं घेऊन येणारं पाणी. त्याचा आवाज एवढा, की शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागे. सगळा गाव गाठोडी बांधून देवळापाशी उभा होता, पण पळत कुणीच नव्हतं. सगळे आत्याच्या दाराकडे बघत होते.

पाणी एकेचाळिसाव्या पायरीला लागलं तशी आत्या सूप घेऊन बाहेर आली. सुपात हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू आणि हिरव्या बांगड्या. ती उंबऱ्यावर बसली, नव्या लुगड्यातल्या बाईची भरावी तशी तिनं त्या पाण्याची ओटी भरली आणि म्हणाली, "जा बाई आता. लई दिस ऱ्हायलीस. सासरची मानसं वाट बगत असत्याल." नदीनं सुपातलं सगळं तिच्या हातातून अक्षरशः हिसकून नेलं. संध्याकाळी पाणी छत्तिसाव्या पायरीला होतं. लोकांनी निमूट गाठोडी उचलली आणि ते घरी गेले.

मी सायन्सचा विद्यार्थी. वडिलांना म्हणालो, "वरचा पाऊस थांबला असणार, म्हणून उतरलं." वडील, तिसाव्या पायरीवरचे माझे वडील, त्या दिवशी चिडले नाहीत. "हळू बोल," एवढंच म्हणाले, आणि मग परतीच्या एसटीत त्यांनी मला सोनूची गोष्ट सांगितली.

सोनू म्हणजे आत्याची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची होती. असाच पूर आला होता आणि आत्या भाकरी थापत होती. हात पिठाचे. ती सोनूला म्हणाली, "जा गं, पानी कितव्या पायरीला आलंय तेवढं बगून ये." सोनू बघायला गेली. ती सापडली नाही. दहा दिवस गावानं दोन्ही काठ शोधले. अकराव्या दिवशी लोक तिचं क्रियाकर्म करायला निघाले, तेव्हा आत्यानं त्यांना दारातच अडवलं. म्हणाली, "माझी लेक मेली न्हाई. मी तिला गंगेच्या घरी दिलीया." आणि पुढच्या वर्षी पूर उंबऱ्याशी आला तेव्हा लेक माहेरी आली असं समजून तिनं तिची ओटी भरली आणि सासरी पाठवली. पाणी परत गेलं. त्यानंतर दर पुराला तेच. बोलता बोलता मान वळवून ती "व्हय, व्हय" म्हणायची, तेही सोनूलाच.

यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट बांगड्यांची. पहिल्या वर्षी तिनं नऊ वर्षांच्या मुलीच्या हाताच्या बांगड्या वाहिल्या. पुढच्या वर्षी थोड्या मोठ्या. दर वर्षी माप वाढत गेलं. गावाला येणारा कासार तिला वेडी म्हणत नसे. दारात बसून पेटी उघडायचा आणि विचारायचा, "औंदा कितीच्या?" पुढंपुढं आत्या आपलाच हात पुढं करू लागली. "माझ्या हाताला येत्यात तेवढ्याच दे. तिचा हात आता माझ्यावानी झालाय." कासार तिच्या हातावर माप घ्यायचा आणि बांगड्या मात्र सुपात ठेवायचा.

पुढे मला नोकरी लागली ती नगरला, नकाशे काढायच्या एका सरकारी कचेरीत. नदीच्या खालच्या अंगाला धरण बांधायचं चाललं होतं आणि पाणी कुठवर येणार ती निळी रेघ गावोगावच्या नकाशांवर ओढायचं काम आमच्या टेबलावर होतं. एका दुपारी समोरचा कागद ओळखीचा वाटला. देऊळ, घाट, घाटाच्या डोक्याला एक बारीक चौकोन. रेघेच्या हिशेबानं पाणी त्या चौकोनाच्या पुरुषभर वर येणार होतं. रेघ सुबक आली आणि साहेबांनी ती दोघातिघांना दाखवली. घरी जाऊन जेवायला बसलो तेव्हा मात्र ताट तसंच सरकवून उठलो.

बहात्तरच्या दुष्काळातला फाल्गुन. नगरला नळाला आठवड्यातून दोनदा पाणी. सुमन म्हणाली, "शनिवार-रविवार कुठं तरी जाऊ या. नदीकाठी जाऊ. प्यायला नाही तर डोळ्यांना तरी पाणी दिसेल." मी लगेच हो म्हणालो, कारण मला आत्याला घराबाहेर काढायचं होतं. नोटिसा येऊन गेल्या होत्या, देवळाच्या खांबावर पाण्याची पांढरी खूण रंगवून माणसं गेली होती, आणि गाव जागचा हलत नव्हता. "वेणूबाई ओटी भरतील, जाईल परत," असं लोक म्हणत होते. शनिवारची रजा टाकून पहाटेच मी, सुमन आणि आमची सात वर्षांची मीना धपाटी बांधून एसटीत बसलो. फाट्यावर उतरून दोन मैल चाललो. मीना आनंदात होती. खरी सहल तिचीच.

घाटाच्या डोक्यावर आलो आणि मी थबकलो. नदी नव्हती. पलीकडच्या काठापर्यंत नुसती वाळू आणि मधे एका डोहात काळं, हलत नसलेलं पाणी. पण मी थबकलो ते त्यामुळं नाही. घाटाची पहिली पायरी, जिच्याखाली काही आहे असं कुणाच्या बापजाद्यांनीही ऐकलं नव्हतं, तिच्या खाली आणखी पायऱ्या निघाल्या होत्या. सात. शेवाळानं काळ्या पडलेल्या, कडा झिजलेल्या, म्हणजे कुणीतरी पुष्कळ वर्षं वापरलेल्या. त्या सरळ डोहाकडे उतरत होत्या.

मीना धावत खाली निघाली. पहिल्या पायरीपाशी पोचते न पोचते तोच आत्याची हाक आली. एवढ्या मोठ्यानं ओरडताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "थांब! त्येच्या खाली पाय टाकू नगंस! त्या आपल्या न्हाईत."

"मग कुणाच्या?" मीनानं विचारलं.

आत्या अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सोनूच्या अंगनातल्या हायेत."

भर दुपारी बारा वाजता, कडक उन्हात, माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू?

जेवणं झाली. आत्याच्या हातची बाजरीची भाकरी आणि हुलग्याची शेंगोळी सुमनलासुद्धा आवडली. मग आत्यानं फळीवरचा डबा काढला आणि त्यातून दोन हिरव्या बांगड्या काढून मीनाच्या हातात सरकवल्या. त्या अलगद गेल्या. "बसल्या बग," आत्या म्हणाली. "ती गेली तवा एवढाच हात हुता." सुमनचा चेहरा उतरला. आत्या पाणी आणायला उठताच तिनं घाईघाईनं बांगड्या काढायला घेतल्या. निघेनात. तेल लावलं, साबण लावला. मीनाचा हात लाल झाला, ती रडायला लागली. मी ओढून बघितल्या. आत गेल्या होत्या सहज, पण बाहेर येताना जणू हाडच आडवं येत होतं. आत्या परत आली. आमच्याकडं बघितलं, घागर खाली ठेवली, उघड्या दारातून डोहाकडं बघत म्हणाली, "दे गं. तुज्याच हायेत. पाव्हनी हाय ती." आणि मीनाचा हात हातात घेऊन दोन्ही बांगड्या काढल्या. मी आजतागायत स्वतःला सांगतो, की पोरीनं रडताना मूठ आवळली होती आणि आत्याला बघून ती सैल सोडली. सुमनला मी हे सांगितलं नाही, कारण तिनं ते मानलं नसतं.

संध्याकाळी उंबऱ्यावर बसलो असताना मी विषय काढला. सगळं समजावून सांगितलं. धरण, भिंत, दारं, माझी निळी रेघ. मी कचेरीत साहेबांसमोर बोलतो तसं मुद्देसूद बोललो. आत्या लाह्या पाखडत ऐकत होती. शेवटी म्हणालो, "आत्या, हे पुराचं पाणी नाही. दिवाळीच्या आत ते इथं येईल, आणि आलं की परत जाणार नाही. कायमचं राहील."

तिचे हात थांबले. "परत जायची न्हाई?"

"नाही."

"ऱ्हायलाच यायलीय?"

मला वाटलं, पटलं. मी म्हणालो, "हो."

तिनं बोटांवर महिने मोजले. फाल्गुन, चैत, वैशाख, आश्विनापर्यंत. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की तो मी पुन्हा बघितला नाही. "बरुबर हाय," ती म्हणाली. "गेल्या सालापास्नं पूर न्हाई. मी म्हनलं का येईना? दिस गेल्यात पोरीला. सातव्यात आनत्यात म्हाहेरी. पयलं बाळंतपन आईकडंच असतंय." मान मागं वळवून तिनं "व्हय, व्हय" म्हटलं, आणि मला विचारलं, "नगरला डिंक चांगला मिळतो का रं? अळीव बी लागतील."

मी तिला वाचवायला गेलो होतो. तिला त्या घरात बसवून आलो. हे माझं मलाच परतीच्या एसटीत कळलं.

पुढचे महिने बातम्या येत राहिल्या. आत्यानं बाज विणून घेतली. जुनी लुगडी फाडून बाळुती शिवली. टोपरं शिवलं, अंगडं शिवलं. आणि गावाला तिनं निरोप दिला, "औंदा मी ओटी भरायची न्हाई. लेक ऱ्हायला येतीया. तिला कशी घालवू?" इतक्या नोटिसांनी जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. चार दिवसांत गाव उठला. कौलं, दारं, जनावरं, देवाच्या मूर्ती, सगळं गाड्यांवर घालून लोक माळावर गेले. आमच्या साहेबांना वाटलं, त्यांनी गावात जाऊन केलेलं भाषण लागू पडलं. खाली राहिली एकटी आत्या.

आश्विनात निरोप आला, की ती कुणाचंच ऐकत नाही, तू ये. मी गेलो. माळावरून दोन तरुण बैलगाडी घेऊन माझ्याबरोबर आले, पण देवळाच्या पुढं यायला तयार होईनात. गावात घरांच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या. छपरं नव्हती, माणसं नव्हती, कुत्रंसुद्धा नव्हतं. मी पूर पाहिला होता, त्याचा आवाज माझ्या कानात होता. इथं काहीच आवाज नव्हता. घाटावर पाणी एकेचाळिसाव्या पायरीला लागलेलं होतं. निवळ, थंड, तळ दिसावा असं. ते चढताना दिसत नव्हतं. नजर दुसरीकडं वळवून पुन्हा बघितलं की मात्र थोडं वर आलेलं असायचं.

आत्या दारात उभी होती. नवं लुगडं, कपाळाला बुक्का. तिच्यामागं खोलीत बाज घातलेली, शेगडी पेटवलेली, दोरीवर बाळुती ओळीनं. तिच्या एका हातात तांब्या आणि दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. मला बघून ती फक्त म्हणाली, "मधी उभा ऱ्हाऊ नगंस. बाजूला हो, येऊ दे तिला."

मी बाजूला झालो. पाणी उंबऱ्याला टेकलं. आत्यानं भाकरतुकडा तीनदा पाण्यावरून ओवाळला, तांब्यातलं पाणी ओवाळलं आणि तुकडा लांब पाण्यात टाकला. "ये बाई," ती म्हणाली. "दमली असशील. पाय धू."

पूर असता तर तो तुकडा डोळ्यांदेखत नाहीसा झाला असता. तो पडला तिथंच राहिला. थोडा फुगला, आणि मग तसाच, कुठंही न जाता, आपल्याभोवती हळूहळू फिरत राहिला. आत्या बघत उभी राहिली. बराच वेळ गेला. तिनं मान मागं वळवली, नेहमीसारखी, आणि ऐकलं. पण तिनं "व्हय" म्हटलं नाही. पुन्हा ऐकलं. मग लुगडं वर धरून ती पाण्यात उतरली, पोटऱ्यांपर्यंत, आणि वाकून तिनं पाण्यात हात घातला. एखाद्या माणसाचा हात चाचपावा तसा चाचपला.

ती वर आली तेव्हा तिचं वय झालेलं मला पहिल्यांदा दिसलं.

"ही बोलत न्हाई," ती म्हणाली. "ही कोन हाय, दत्तू?"

मी त्या फिरणाऱ्या तुकड्याकडं बघत होतो.

"सोनू कुटं हाय मंग?"

पंचवीस वर्षांत तिनं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. मला विचारला, आणि माझ्याकडं निळ्या रेघेशिवाय काहीच नव्हतं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. आत्या रडली नाही. ती आत गेली, शेगडीवर पाणी ओतलं. आतून काहीही घेतलं नाही, ना टोपरं ना डबा. बाहेर येऊन तिनं नदीकडचं दार ओढलं. ते इतकी वर्षं न लावलेलं दार चौकटीत बसेना. तिनं खांदा लावून बसवलं आणि बाहेरून कडी घातली. दाराखालून पाणी आत जात होतं ते तिला दिसत होतं.

मग ती माझ्यासमोर आली.

"हिला तू आनलीस ना?"

"हो, आत्या."

"मंग तूच सांग तिला. म्हनावं, हितं कुनी ऱ्हात न्हाई."

ती गाडीकडं चालू लागली. ओल्या लुगड्याचा काठ धुळीतून ओढत, सरळ, एकदाही मागं न बघता. मला वाटलं, तिनं रागानं म्हटलं, आपण गप्प तिच्यामागं जावं. पण वीसेक पावलांवर ती थांबली. पाठमोरीच उभी राहिली. तिची मान किंचित वळलेली होती.

मी उंबऱ्याकडं तोंड केलं आणि पाण्याला म्हणालो, "इथं कुणी राहत नाही." मोठ्यानं म्हणालो, कारण आत्या ऐकत होती.